उशीएवढी शांतता

आवाजाला आवाजाने मारता येतं, हे मी पहिल्यांदा आमच्या चाळीत सांगितलं तेव्हा लोक खो खो हसले. मी तेव्हा नुकताच इंजिनियर झालो होतो आणि समोर ऐकणारा दिसला की व्याख्यान सुरू करत होतो. आवाज म्हणजे हवेतली लाट. ती वर जाते त्याच क्षणी तिच्यावर बरोबर उलटी लाट सोडायची. ही वर, तर ती खाली. दोघी एकमेकींना भिडल्या की दोघीही संपतात आणि मागे शांतता उरते.

शेजारच्या खोलीतले काका दाढी करता करता ऐकत होते. ते म्हणाले, "म्हणजे सासूवर सासू सोडायची."

त्यानंतर मी हा विषय मोठमोठ्या सभागृहांत मांडला, पडद्यावर समीकरणं दाखवली, पण काकांइतक्या थोडक्यात मला तो कधी सांगता आला नाही.

काकांना मी तेव्हा एवढंच म्हणालो की खरी गंमत पुढे आहे. आवाज एका तालात राहत नाही. दार उघडलं, माणूस आत आला, पंखा लावला की खोलीतल्या लाटा बदलतात आणि आपली उलटी लाट चुकते. म्हणून यंत्राला शिकत राहावं लागतं. एक मायक्रोफोन आवाज जिथून येतो तिथे ठेवायचा. दुसरा ठेवायचा माणसाच्या कानाशी, आणि त्याचं काम फक्त चहाडी करणं: अजून एवढा आवाज उरलाय, अजून एवढा उरलाय. यंत्र ती चहाडी ऐकून आपली लाट जराशी बदलतं. पुन्हा चहाडी, पुन्हा बदल, एका सेकंदात हजारो वेळा. या शिकण्याच्या रीतीला अल्गोरिदम म्हणतात.

"ही मग सून," काका म्हणाले. "सासूचं तोंड बघून वागणारी."

काकांनी मिलमध्ये आयुष्य काढलं नसतं तर ते प्राध्यापक झाले असते आणि विद्यार्थ्यांची वाट लागली असती.

हे यंत्र मला एका माणसासाठी करायचं होतं. माझ्या वडिलांना स्वतःच्या घरात, स्वतःच्या खाटेवर, दुपारी घटकाभर झोप लागावी, एवढंच मला हवं होतं. मिलच्या संपापासून त्यांना घरात नीट झोप नव्हती.

बाबा लोअर परळच्या एका मिलमध्ये साचा खात्यात होते. साचे म्हणजे कापड विणायचे माग. एका छपराखाली शेकडो साचे एकदम चालत, धोटे इकडून तिकडे आपटत, आणि त्या गदारोळात घसा फोडून ओरडलं तरी शेजारच्याला ऐकू जात नसे. म्हणून साचेवाले ओठांनी बोलत. आवाज न काढता तोंड मोठं उघडायचं, भुवया नाचवायच्या, हाताची जोड द्यायची. पाळी सुटली तरी ही सवय सुटत नसे. आमच्या चाळीच्या दोन गॅलऱ्या समोरासमोर होत्या, आणि त्यांतून माणसं सुखदुःखाच्या गोष्टी चकार शब्द न काढता बोलत. भांडणंसुद्धा. एकदा दोघांचं असं जुंपलं की अख्खी चाळ जमून मुका तमाशा बघत होती. मध्येच एकाच्या तोंडून एक शिवी चुकून मोठ्याने निघाली आणि सगळ्या बायका दचकल्या. त्याआधीच्या सगळ्या शिव्यांना कुणाची हरकत नव्हती, कारण त्या ऐकू आल्या नव्हत्या.

मी बोलायला शिकलो तसाच ओठ वाचायला शिकलो. आईलाही येत होतं. बाबांशी बोलताना आम्ही त्यांच्यासमोर जाऊन तोंड दाखवून बोलायचो, आणि हे आम्हाला इतकं साधं वाटायचं की त्याचा विचार कधी केला नाही. पण त्यातून एक घोटाळा झाला. ओठ वाचणाऱ्या माणसाला कानांनी किती ऐकू येतं आणि काय ऐकू येतं, हे घरच्यांना कळायला मार्गच राहत नाही.

मिल आमच्या चाळीच्या पाठीला लागून होती. घरातली जमीन सदा किंचित थरथरायची. हंड्यातल्या पाण्यावर बारीक वर्तुळं उठलेली असायची, फळीवरची पितळी भांडी आपसात कुजबुजायची. मग संप झाला, आणि हंड्यातलं पाणी आरशासारखं झालं. मी शाळकरी होतो. मला ते पाणी फार आवडलं. मी त्यात बघून भांग पाडायचो आणि आई पाठीत धपाटा घालायची.

संप लांबत गेला तसे बाबा खाटेवर उठून बसू लागले. "आवाज येता," ते म्हणायचे. आमचं घर मालवणकडचं, आणि बाबांचं बोलणं तिकडचंच राहिलं. आई खिडकी लावून घ्यायची. पुन्हा म्हणाले तर दारही ओढायची. तरी बाबा कूस बदलत राहायचे, आणि शेवटी कपडे घालून खाली जायचे.

ते कुठे जातात याचा शोध आईने लावला. नाक्यावरच्या पिठाच्या चक्कीत. तिथे पट्टा फटाफट वाजतोय, जातं घरघरतंय, गिऱ्हाईक किंचाळून भाव विचारतंय, आणि त्या सगळ्यात ज्वारीच्या पोत्याला टेकून बाबा गाढ झोपलेले. भुवयांवर पीठ, मिशीवर पीठ.

चक्कीवाल्याने आईला विचारलं, "भाभी, इनको घर में खटिया नहीं है क्या?"

आईची मान खाली गेली. घरी येऊन ती बाबांवर खूप बोलली, तोंडासमोर उभी राहून, एकही शब्द चुकू नये म्हणून सावकाश. "अहो, लोकांना काय वाटेल? बायको घरात घेत नाही म्हणतील!" बाबा फक्त मिशीतलं पीठ झाडत होते. शेवटी सगळ्या घराने ठरवून टाकलं की यांना मिलची आठवण येते. हे कारण फार सोयीचं होतं. गिरणगावात तेव्हा घराघरात आठवणी येत होत्या.

मिल काही परत सुरू झाली नाही. बाबांनी भाजीच्या गाडीवर काम केलं, पुढे एका बिल्डिंगीत वॉचमन झाले, आणि झोपायला चक्कीतच जात राहिले. मी शिकलो, नोकरीला लागलो. माझी कंपनी कारखान्यांच्या आणि ऑफिसांच्या एसीच्या नळकांड्यांतला आवाज मारायची यंत्रं बनवायची, म्हणजे मला हवा तोच धंदा होता. दरम्यान मिल पाडून तिथे काचेची उंच इमारत उभी राहिली, आणि तिच्या एसीचा भलाथोरला ब्लोअर नेमका आमच्या चाळीच्या पाठीशी बसला. सकाळी ऑफिस उघडलं की तो हूंऽऽ करत सुरू व्हायचा, तो संध्याकाळपर्यंत. हंड्यातल्या पाण्यावर पुन्हा वर्तुळं उठली.

त्याच सुमाराला बाबांच्या गुडघ्यांनी संप पुकारला. जिने उतरणं बंद, चक्की बंद. दिवसभर खाटेवर. डोळे लाल, दाढी वाढलेली. मी समोर बसून विचारलं, "काय होतंय बाबा?"

"आवाज येता रे."

मी खिडकीबाहेर त्या ब्लोअरकडे बघितलं आणि मला अक्षरशः गुदगुल्या झाल्या. एवढ्या वर्षांत बाबांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, आणि आता मागितलं ते जगात मोजक्या माणसांना देता येतं असं! तो हूंऽऽ एका सुरातला, जाड, संथ. आमच्या अल्गोरिदमला असा आवाज म्हणजे श्रीखंड.

कंपनीतले जुने भाग आणून मी महिनाभर रविवारी खपलो. एक मायक्रोफोन खिडकीच्या गजाला, ब्लोअरकडे तोंड करून. खाटेखाली स्पीकरचा खोका. दुसरा, चहाडखोर मायक्रोफोन बाबांच्या उशीशी. आईने खोक्याला हळदकुंकू लावलं आणि नारळ फोडायला घेतला, तो मी वायरी वाचवण्यासाठी गॅलरीत नेऊन फोडला. फळीवरची भांडी तिने उतरवून ठेवली, म्हणाली, "तुझं यंत्र सुरू झाल्यावर पडली तर? कशाला उगाच भीती."

एक गोष्ट मी आधीच सांगून टाकली होती. सगळी खोली शांत होणार नाही. अशा यंत्राने कानाच्या आसपास एवढासा तुकडा शांत होतो, उशीएवढा.

"लोअर परळात उशीएवढी जागा म्हणजे काय कमी झाली?" काका म्हणाले.

खरी अडचण वेगळीच निघाली. चाळीत दिवसा दार बंद नसतं. कुणी वाटी घेऊन येतं, कुणी वाटी परत द्यायला येतं, कुणी नुसतं डोकावतं. प्रत्येक माणूस आत शिरला की खोलीतल्या लाटा बदलायच्या आणि माझं यंत्र बिचारं पहिल्यापासून शिकायला बसायचं. शिकून होतंय तोच दुसरी वाटी. शेवटी मी दार लावून कडी घातली. भर दुपारी! थोड्याच वेळात दारावर थापा.

"काय झालं?" शेजारची बाई बाहेरून ओरडली. "कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं. यंत्र लावलंय."

"मग दार कशाला लावलंय?"

"आवाज जायला."

"दार लावल्यावर आवाज जाणार कुठून?"

तिच्या मागे आणखी माणसं जमली. एकजण पांढरा सदरा घालूनच आला होता, लगेच निघायचं असलं तर तयारी म्हणून. मी बाहेर जाऊन सगळ्यांना हात जोडले, अर्धा तास द्या म्हणालो, आणि काकांना दाराबाहेर स्टूल टाकून पहाऱ्याला बसवलं. मग आत येऊन खिडकी लावली, दार लावलं, पंखा बंद केला. आई चुलीपाशी हात जोडून बसली. बाबा आडवे झाले.

मी यंत्र सुरू केलं.

काय सांगू! मांडीवरच्या संगणकाच्या पडद्यावर उरलेल्या आवाजाची रेघ होती. ती आधी थोडी डगमगली, मग वाकली, मग उतरत गेली, उतरतच गेली. मी खाटेवर वाकून बाबांच्या उशीशी कान नेला. हूंऽऽ विरघळला होता. तिथे इतकं शांत होतं की बाबांच्या नाकातला श्वास मला ऐकू येत होता. मी आयुष्यात बनवलेली सगळ्यात सुंदर शांतता. मी आईला दोन्ही अंगठे वर करून दाखवले. टाळ्या वाजवणार होतो, पण माझाच अल्गोरिदम बिघडला असता.

बाबांचे डोळे उघडे होते. ते छताकडे बघत होते. मग त्यांनी दोन्ही हातांनी खाटेच्या कडा धरल्या. मग उठून बसले. चेहरा घामाने ओला.

"परत संप केलंस काय रे?" ते म्हणाले.

मला कळेना. मी त्यांच्यासमोर उकिडवा बसलो. "गेला ना आवाज?"

"भायरचो गेलो," ते म्हणाले. त्यांनी बोट कानाला लावलं. "हे चालू झाले. सगळे. अख्खा साचा खाता."

आई उठून जवळ आली. बाबा आता ओठांनीच बोलत होते, आवाज न काढता, जसे मिलमध्ये बोलायचे तसे. त्यांच्या कानांत साचे चालतात. संपात बाहेरचे बंद पडले त्याच आठवड्यात आतले सुरू झाले, आणि त्यानंतर एक दिवस थांबले नाहीत. चक्कीत बसलं की त्या धडधडाटाखाली ते दबायचे, तेवढीच झोप. हा मागचा ब्लोअर आला तेव्हा निदान अर्धे साचे झाकले गेले होते, बरं वाटलं होतं. आणि आता मी तोही काढून घेतला होता.

"मग सांगितलं का नाहीत?" आई म्हणाली. ती मोठ्याने बोलली, इतक्या मोठ्याने की दाराबाहेर काकांचं स्टूल सरकलं.

"सांगलंय मगे," बाबा म्हणाले. "आवाज येता म्हणान सांगलंय. तुमी खिडकी लावल्यात."

मी यंत्र बंद केलं. हूंऽऽ परत आला. बाबांनी खाटेच्या कडा सोडल्या.

दार उघडून मी काकांना झाला प्रकार सांगितला. मला वाटलं होतं ते हळहळतील. ते म्हणाले, "त्यात काय नवल? मलापण येतो."

"काय येतो?"

"साच्यांचा आवाज. उजव्या कानात साचे, डाव्यात भोंगा. तुला काय वाटलं, तुझ्याच बापाच्या कानात मिल आहे?" त्यांनी समोरच्या गॅलरीतल्या म्हाताऱ्यांकडे वळून ओठांनी विचारलं. समोरून तिघांनी होकारार्थी माना डोलावल्या. एकाने हाताने खूण केली: दोन्ही कान, रात्रंदिवस. दुसऱ्याने विचारलं, म्हणजे तो सगळ्यांनाच येत नाही की काय? त्याला वाटत होतं की वय झालं की माणसाला तो ऐकू येतोच, जसे केस पिकतात. इतकी वर्षं ही माणसं गॅलरीत समोरासमोर उभी राहून जगातल्या सगळ्या विषयांवर बोलली होती. हा विषय निघाला नव्हता, कारण हा विषय आहे हेच कुणाला माहीत नव्हतं.

बाबांना खुर्चीत बसवून, खुर्ची उचलून, परळच्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर तरुण होती, समजूतदार होती, मुद्दाम समोर येऊन बोलत होती. कानातल्या बारीक पेशी मिलच्या आवाजाने मेल्यात. तिकडून काही येत नाही म्हणून मेंदू आपली ऐकायची ताकद वाढवत नेतो, आणि जे नाही तेही त्याला ऐकू येतं. उपाय नाही. सवय करून घ्यायची.

हे ऐकताना माझी वेगळीच पंचाईत झाली, कारण हा रोग मला ओळखीचा होता. आमच्या अल्गोरिदमला अगदी हाच होतो. येणारा आवाज जितका मोठा तितकं शिकण्याचं पाऊल, म्हणजे आपल्या लाटेतला बदल, लहान टाकायचं, आवाज लहान झाला की पाऊल मोठं, असा आमचा एक नियम आहे. त्यासाठी आवाजाच्या जोराने भागतात. पण आवाज एकाएकी बंद झाला तर भागाकार शून्याने होतो, पाऊल राक्षसी होतं, आणि यंत्र भर शांततेत किंचाळत सुटतं. हे होऊ नये म्हणून आम्ही त्या भागाकारात खाली एक चिमुकली संख्या कायमची टाकून ठेवतो. आवाज शून्य झाला तरी ती संख्या उरते आणि यंत्र शुद्धीवर राहतं. कुठल्याही पोराला पहिल्या वर्षी शिकवतात.

मिल बंद झाली तेव्हा साचेवाल्यांसाठी अशी संख्या कुणी टाकून ठेवली नव्हती. बाबांनी आपली आपण शोधली होती, नाक्यावर, पिठात बसून.

मग मी माझंच यंत्र उलटं वापरलं. आवाज मारायच्या खोक्यातून आवाज सोडला. पावसासारखा एक सरसराट बनवला, बाबांच्या उशीशी लावला. पहिल्या दुपारी ते झोपले. खरंच झोपले, घोरले. आई त्यांच्याकडे बघत बसली होती. पण आतले साचे हुशार होते. थोड्या दिवसांनी ते सरसराटाच्या वरून ऐकू येऊ लागले. मी सरसराट वाढवला. ते पुन्हा वर आले. मी पुन्हा वाढवला. शेवटी तो इतका झाला की आईचं डोकं दुखायला लागलं, तिचं ब्लडप्रेशर चढलं, आणि ती कानात कापूस घालून भाकऱ्या थापू लागली. एक खोली. एकाला आवाजाशिवाय झोप नाही, दुसरीला आवाजात झोप नाही. उशीएवढी शांतता मला जमली होती, उशीएवढा आवाज जमला नाही. हेडफोन आणला तर बाबांना घाम यायचा, कान भाजतो म्हणायचे.

एक दिवस बाबांनीच खोक्याची वायर काढून ठेवली. "ती दमली रे," आईकडे बोट दाखवून ओठांनी म्हणाले. आईची पाठ होती, तिला ते दिसलं नाही.

आता यापुढचं ऐकून तुम्ही म्हणाल की मी रचून सांगतोय. चाळीतल्या लोकांनी त्या ब्लोअरविरुद्ध तक्रारी लावून धरल्या होत्या. मुलांचा अभ्यास होईना, तान्ही बाळं झोपेनात. शेवटी इमारतवाले नमले आणि त्यांनी ब्लोअरचा आवाज मारायचं काम एका कंपनीला दिलं. कुठल्या? माझ्या. आणि कंपनीने पाठवलं कुणाला? या भागाची माहिती असलेल्या इंजिनियरला.

मी बाबांना विचारलं. साहेबांना सांगू का, दुसऱ्या कुणाला पाठवा म्हणून?

"दुसरो इलो तरी आवाज जातलोच ना?" बाबा म्हणाले.

"जाईल."

"मगे तूच कर. चांगला कर. पोरांचो अभ्यास होऊ दे."

मी चांगलं केलं. यावेळी उशीएवढं नव्हे. उगमापाशीच, ब्लोअरच्या नळकांड्यात, स्पीकर आणि मायक्रोफोनांची रांग बसवली. खाली स्प्रिंगांवर उलटा धक्का देणारी यंत्रणा, म्हणजे भिंतीत थरथर उतरायला नको. ज्या दुपारी ते सुरू केलं तेव्हा हूंऽऽ खाली उतरत उतरत नाहीसा झाला, आणि चाळीच्या गॅलऱ्यांतून टाळ्या पडल्या. बायकांनी मला हात केले. कुणीतरी वरून ओरडलं, "इंजिनेर, जिंकलंस!" त्या गर्दीत म्हातारे कुठे उभे आहेत ते मला लगेच दिसलं. ते टाळ्या वाजवत नव्हते. एकेक करून ते आत गेले.

मी जिने चढून घरी आलो. दार उघडं होतं. आई शेजारी पेढे वाटायला गेली होती. बाबा खाटेवर बसले होते, कडा धरून.

"झाला बरा?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"मगे तोंड कित्याक पाडतंस? बस हय." त्यांनी खाटेवर जागा करून दिली. मी बसलो. ते म्हणाले, "बोल."

"काय बोलू?"

"काय पण. मोठ्यान बोल. कानाकडे बोल."

मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं. असं आम्ही कधीच बोललो नव्हतो, तोंड न दाखवता. मी साहेबाची नक्कल केली. काचेच्या इमारतीतल्या बाईची नक्कल केली, जी ब्लोअरला अहोजाहो करायची. काकांची दाढी सांगितली, पांढरा सदरा घालून आलेल्याची फजिती सांगितली, नसलेल्या गोष्टी सांगितल्या, झालेल्या फुगवून सांगितल्या. बाबांचे हात कडांवरून सुटले. त्यांनी डोळे मिटले, मान भिंतीला टेकली. मी बोलतच राहिलो. घसा सुकला तरी बोललो, आवाज बसत आला तरी बोललो, ऑफिसमधून फोन येत होता तो तसाच वाजू दिला.

मग पाण्याचा एक घोट घ्यायला थांबलो. पेला तोंडाला लावला तेवढ्यात बाबांनी डोळे उघडले.